एकोणचाळीसचा रुपया

नाणी जमवणाऱ्या माणसाकडे नाण्यांपेक्षा किस्से लवकर जमतात. नाण्यासाठी पत्र लिहावं लागतं, ड्राफ्ट काढावा लागतो, पोस्टमनची वाट बघावी लागते. किस्सा फुकट येतो, घरपोच येतो आणि आवडला नाही तरी परत पाठवता येत नाही. आमच्या डोंबिवलीच्या ग्रुपचे इतके किस्से माझ्याकडे पडून आहेत की बायको म्हणते, एकदाचे रद्दीत तरी घाला. म्हणून आज थोडे बाहेर काढतोय.

ग्रुप म्हणजे काय, चार टाळकी. दर रविवारी सकाळी दहाला डोंबिवली ईस्टला पोतदारच्या सोन्याचांदीच्या दुकानावरच्या माळ्यावर बसायचो. पोतदार माझा शाळेपासूनचा दोस्त. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. आणि आमचे म्होरके म्हणजे दातार सर, भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. त्यांनी आम्हा दोघांना नववीत अख्खा तास वर्गाबाहेर उभं केलेलं, आणि ते त्यांना अजून आठवत होतं. चौथा पाटील, पण तो नंतर आला.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची. आत्तासारखं बटण दाबलं आणि नाणं दारात, असलं काही नव्हतं. दिल्लीत एक मोठी कंपनी होती, तिचा गुळगुळीत कागदावर छापलेला कॅटलॉग वर्षातून चारदा यायचा. आम्ही तिला नुसतं ‘दिल्लीवाले’ म्हणायचो. टपालखर्च वाचावा म्हणून आमची सगळ्यांची ऑर्डर एकाच पाकिटातून जायची आणि एकाच पार्सलातून यायची. पार्सल माझ्या पत्त्यावर, कारण दिवसभर घरी कोणीतरी असायचं.

*

कॅटलॉगमध्ये प्रत्येक नाण्यापुढे दर्जा छापलेला असायचा. ‘फाइन’ म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं. ‘व्हेरी फाइन’ म्हणजे कमी झिजलेलं. आणि ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे टाकसाळीतून निघाल्यावर कुणाच्याही खिशात न गेलेलं, एकदम कोरं. दातार सरांना हे इतकं आवडलं की ते जगातल्या सगळ्या गोष्टींना दर्जा द्यायला लागले. पोतदारकडची साबुदाण्याची खिचडी फाइन, माझं इंग्रजी फाइनच्या खाली.

पोतदारच्या बहिणीला बघायला ठाण्याहून पाहुणे आले तेव्हा वडीलधारे म्हणून सरांनाही बोलावलेलं. मुलगा गोरा, टापटीप, बोलायला गोड. पाहुणे गेल्यावर पोतदारच्या वडिलांनी विचारलं, कसा वाटला मुलगा?

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “व्हेरी फाइन. पण त्याला पॉलिश मारलंय. साल नीट तपासून घ्या.”

तपासलं. तीस सांगितलेला मुलगा छत्तीसचा निघाला. त्यानंतर पोतदारच्या वडिलांनी सरांना दाखवल्याशिवाय एकही स्थळ पुढे नेलं नाही. शेवटी बहिणीनंच हात जोडले. म्हणाली, मला लग्न करायचंय, अल्बममध्ये जायचं नाहीये.

*

आमच्या पोस्टमनचं दुःख वेगळं होतं. दिल्लीचं पार्सल व्ही.पी.नं यायचं, म्हणजे पोस्टमनच्या हातात पैसे ठेवायचे आणि मग पार्सल घ्यायचं. एकदा त्याच्यासमोरच मी खोका उघडला. आत एक तांब्याचा पाव आणा. त्यासाठी मी किती दिले हे त्यानं नुकतंच स्वतःच्या हातानं मोजून घेतलेलं.

तो बराच वेळ बघत राहिला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, “साहेब, हे लोक तुमच्याकडून नोटा घेतात आणि चिल्लर परत देतात. कंप्लेंट करा.”

दिल्लीवाल्यांना इतक्या थोडक्यात कुणी पकडलं नसेल.

*

अशाच आणखी आठ पाव आण्यांचं काय झालं ते सांगितलंच पाहिजे, कारण सरांचा स्वभाव त्यावरून कळतो.

सरांचा पहिला नियम, नाणं कधीही साफ करायचं नाही. जुन्या नाण्यावर काळानं जो रंग चढतो तो त्याचा जन्मदाखला. तो घासून काढला की नाणं मेलं. दुसरा नियम, नाण्याला कडी लावलेली असली, म्हणजे दागिन्यात ओवायला वर कुणी काही झाळलं असलं, तर ते नाणं उरलं नाही. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. सर स्वतः सुती हातमोजे घालूनच नाण्याला हात लावायचे.

त्या दिवाळीत मी कामावर असताना आठ पाव आणे पोचले. लक्ष्मीपूजनाचा दिवस. बायकोनं पार्सल सोडवलं, काळीमिट्ट नाणी बघितली आणि चिंच-मीठ घेऊन बसली. संध्याकाळी मी घरी आलो तर चौरंगावर आठ नाणी नवी कोरी लखलखतायत आणि वर हळदकुंकू.

दुर्दैवानं सर फराळाला आलेले. त्यांनी चौरंगाकडे बघितलं आणि खुर्चीत बसलेच. पाणी मागितलं. मग अगदी हळू आवाजात माझ्या बायकोला म्हणाले, “वहिनी, दीडशे वर्षं लागली होती हो त्याला तसं व्हायला.”

बायको म्हणाली, “मग आधीच कुणीतरी घासायला हवी होती ना, सर.”

सर चकली न खाता गेले. पुढचे दोन महिने आमच्याकडे चहाला आले नाहीत. आणि मी? मी त्यातली चार अजून जपून ठेवलीत. इतक्या स्वच्छ मनानं केलेला सत्यानाश पुन्हा बघायला मिळत नाही.

*

आता पाटील. तो बाळकुमचा, आगरी. खाडीकाठची जमीन, थोडी विकलेली, थोडी राखलेली. एका रविवारी मोटरसायकलवरून कशेळीचा पूल ओलांडून, भिवंडी-कल्याण करत तो डोंबिवलीला आला, धाडधाड लाकडी जिना चढला आणि दारातूनच म्हणाला, “येक रुपया पायजे. एकोणचालीसचा, चांदीचा. दोन असतील त दोन द्या.”

पोतदारच्या हातातला चहा सांडला.

हे का, ते सांगतो. इंग्रजी अमलातले चांदीचे रुपये बाजारात पोत्यानं मिळायचे. पण एकोणचाळीस सालचे फारच थोडे बाहेर आले. तो रुपया म्हणजे आमच्यासारख्यांचं स्वप्न. दातार सरांकडे शिसवी लाकडाचा एक ट्रे होता. त्यात राणीच्या काळापासून स्वातंत्र्यापर्यंतच्या प्रत्येक सालासाठी एकेक गोल खाच, आत मखमल. सगळ्या खाचा भरलेल्या, एक सोडून. त्या खाचेत कागदाचा गोल कपटा होता आणि त्यावर सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात ‘येणार’ असं लिहिलेलं. सर बावीस वर्षं त्या रुपयाची वाट बघत होते.

पाटलानं ट्रे बघितला, कपटा वाचला, आणि खाली बसून आपलं सांगितलं. त्याच्या आईच्या गळ्यात रुपयांची माळ होती. एकवीस रुपये, प्रत्येकाला कडी. तिच्या बापानं मिठागरावर राबून लग्नात घातलेली. मधला रुपया लग्नाच्या सालचा, एकोणचाळीसचा. पुढे एकदा आवणीच्या वेळी, वाकून भात लावताना, त्याची कडी निसटली आणि रुपया चिखलात गेला. घरच्यांनी दोन दिवस चिखल चाळला. नंतर ते शेत विकलं गेलं.

“आता तो सात मजल्यांच्या खाली हाय,” पाटील म्हणाला. “वरचे लोकांना ठाव बी नाय.”

आई त्या मोकळ्या जागी काळा दोरा बांधून माळ घालत होती. पण त्यांच्या घरची रीत अशी की नातीच्या हळदीला आजीनं आपल्या गळ्यातली माळ काढून नातीला घालायची. पाटलाची मुलगी कॉलेजात होती, दोन वर्षांत लग्न होईल म्हणत होते. आणि म्हातारीनं सांगून ठेवलेलं, अर्धी माळ मी पोरीला घालणार नाही. पाटलानं चाळीस सालचा एक रुपया गुपचूप आणून ओवून बघितला. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं शेजारच्या शाळेतल्या बाईंकडून साल वाचून घेतलं आणि तो रुपया मुलाच्या अंगावर फेकला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “पाटील, तुमच्या मातोश्रींचा काहीतरी गोंधळ होतोय. मिठागरावरच्या माणसाकडे तो रुपया येणं शक्यच नाही.”

पाटलाचा चेहरा उतरला. “सर, माजी आय खोटा बोलत नाय,” एवढंच म्हणाला. पण पुढच्या रविवारी परत आला, येताना खाडीची कोलंबी घेऊन. सर शाकाहारी, त्यामुळे ती मला आणि पोतदारला मिळाली. पाटील ग्रुपमध्ये पक्का झाला.

*

पाटलाच्या वतीनं दिल्लीला इंग्रजीत पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्याचं म्हणणं साधं होतं. एकोणचाळीसचा रुपया कडी लावलेला असला तर उत्तमच, नाहीतरी कडी लावायचीच आहे. शिवाय कडीवाला स्वस्त पडेल. मी तसं लिहिलं.

दिल्लीवाल्यांचं उत्तर आलं. ते फार दुखावलेले होते. आमची कंपनी इतकी वर्षं जुनी, इतक्या राजेमहाराजांना आम्ही नाणी पुरवली, कडी लावलेलं नाणं आमच्याकडून जाणार नाही याची आपण खात्री बाळगावी.

पाटील म्हणाला, परत लिही, खात्री नको, कडी पाहिजे. परत लिहिलं. परत उत्तर आलं, आपल्याला पूर्वी कधी आमच्याकडून कडीचं नाणं गेलं असल्यास क्षमस्व, आणि सोबत भरपाई म्हणून पुढच्या खरेदीवर सूट. ती सूट घेऊन सरांनी एक हैदराबादी अधेला, म्हणजे अर्ध्या पैशाचं जुनं नाणं, मागवला. पाटलाला समजेना की आपण भांडलो कुणाशी आणि जिंकलं कोण.

*

मग एकदा पाटील पेढे घेऊनच आला. दक्षिणेकडच्या कुठल्याशा दुसऱ्या कंपनीची जाहिरात त्यानं पेपरात बघितलेली. आम्हाला न विचारता मनिऑर्डर केली आणि एकोणचाळीसचा रुपया पदरात पाडून घेतला. आम्हाला पेढे वाटून झाल्यावर त्यानं तो सरांपुढे ठेवला.

सरांनी हातमोजे चढवले, भिंग लावलं. सर भिंगातून बघतायत, पुन्हा बघतायत. मग त्यांनी तोंडातला पेढा गिळला.

“हा अडतीसचा आहे,” म्हणाले. “आठाचा खालचा डोळा कुणीतरी कोरून नऊ केलाय. हात चांगला आहे कारागिराचा.”

कंपनीच्या कागदावर ‘पसंत न पडल्यास पंधरा दिवसांत परत’ असं ठळक छापलेलं. खाली बारीक अक्षरात, पंधरा दिवस पाठवल्या तारखेपासून. पार्सल पोचायलाच अठरा दिवस लागलेले. पाटलानं रुपया उचलून सरांच्या ट्रेकडे सरकवला. म्हणाला, “तुमचे खाचंत ठेवा सर. लांबून कोनाला कलत नाय.”

सर तीन रविवार आले नाहीत. चौथ्या रविवारी आले ते पाटलाशी न बोलता बसले. मधे आम्ही दोघं, इकडून तिकडे कॅटलॉग सरकवत. मला तेव्हा दोघांचाही राग आला होता. एकाला मखमलीतली खाच बुजवायची, एकाला आईचा दोरा सोडवायचा, आणि दोघं एकाच रुपयापायी लहान पोरांसारखे पाठ फिरवून बसलेले.

*

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात दिल्लीच्या कॅटलॉगात तो आला. शेवटच्या पानावर, फोटोसकट. एकोणचाळीसचा रुपया, अनसर्क्युलेटेड, अस्सलपणाची लेखी हमी, नग एक. किंमत सांगत नाही, बायको हे वाचणार आहे.

आमच्याकडे नियम होता, आणि तो सरांनीच घातलेला. एका नगावर दोघांनी बोट ठेवलं तर चिठ्ठी टाकायची, आणि जो जिंकेल त्याचीच मागणी पाकिटात जायची. नाहीतर ग्रुप कधीच फुटला असता. बोटं अर्थात दोन पडली. सरांनी पी.एफ.मधले पैसे बाजूला ठेवलेले. पाटलाच्या मुलीचं लग्न आता ठरलेलं, घोडबंदर रोडच्या एका कुटुंबात, पुढच्याच सीझनला.

दोन चिठ्ठ्या पोतदारच्या तराजूच्या पारड्यात टाकल्या. उचलायला मला सांगितलं. मी उचलली. दातार.

अजून कधीकधी वाटतं, बाजूची उचलली असती तर. खरं तर पाटील परस्पर दिल्लीला तार करू शकत होता, पैसाही त्याच्याकडे आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. पोतदारनं जिन्यात त्याला तसं सुचवलंही. तर म्हणाला, चिठ्ठी ती चिठ्ठी.

पार्सल विमा उतरवून आलं. पोतदारच्या माळ्यावर आम्ही साबणानं हात धुऊन बसलो, जसं काही जेवायलाच बसतोय. सरांनी दोरा सोडला, कापूस बाजूला केला. भिंगाखाली धरून इतका वेळ बघितलं की पोतदारनं विचारलं, सर, बरं वाटतंय ना?

“अस्सल आहे,” सर म्हणाले. त्यांनी ‘येणार’चा कपटा चिमटीत उचलला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि रुपया खाचेत बसवला.

पाटलानं भिंग मागितलं. त्यानंही खूप वेळ बघितलं. मग म्हणाला, “सर, माजे आयसला येकदा दाखवू काय? उद्या परत आनतो.”

“बाळकुमला? मोटरसायकलवरून?” सर म्हणाले. “नाही. क्षमा करा.”

पाटलानं मान हलवली. विकता का, असंही त्यानं विचारून बघितलं, वाटेल त्या किमतीला. सर त्यालाही नाही म्हणाले. पाटील उठला, चपला घातल्या आणि गेला. त्या दिवशी जिन्यात त्याचा धाडधाड आवाज आला नाही. मला सर आवडेनासे झाले ते त्या दिवशी, आणि ते मी पोतदारला बोलूनही दाखवलं.

*

पुढचे चार महिने सरांचा ट्रे आणि सर यांची ताटातूट झाली नाही. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगायच्या, हे घर सोडून कुठे जात नाहीत, गेले तर ट्रे घेऊन जातात. बँकेत ट्रे. रेशनच्या रांगेत ट्रे. दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवे पडलेले, तोंडाचा आ, आणि पोटावर ट्रे. डॉक्टरनं विचारलं, हे काय आहे? सरांना बोलता येत नव्हतं, म्हणून काकूंनी उत्तर दिलं, “माझी सवत.”

मतदानालाही ट्रे नेलेला. तिथल्या हवालदारानं उघडून दाखवायला लावला. त्यानं सगळ्या खाचा नीट बघितल्या आणि विचारलं, यातले चालतात का कुठे? सर म्हणाले, एकही नाही. मग जा आत, म्हणाला.

पाटील रविवारी येईनासा झालेला. फक्त एकदा लग्नाच्या पत्रिका द्यायला आला. सरांनाही दिली, वाकून नमस्कार केला. सरांनी विचारलं, माळेचं काय झालं? पाटील म्हणाला, काय व्हायचं, आई म्हणते मी हळदीला बाहेरच येत नाही, आत बसून राहते. पोरगी दोन दिवस रडतेय, तिला माळ नको, आजी पाहिजे. एवढं सांगून तो पुढच्या पत्रिका वाटायला गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात सर मला भाजीबाजारात भेटले. हातात पिशवी, आणि ट्रे नव्हता. म्हणाले, ठाण्याहून बाळकुमला बस कुठून सुटते रे? मी म्हटलं, कशाला सर? तर म्हणाले, सहज.

*

आता शेवटचा किस्सा. यातलं अर्धं पोतदारनं सांगितलेलं, अर्धं मी स्वतः पाहिलेलं.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी सर पोतदारच्या दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून काउंटरवर ठेवली. पोतदारनं उघडली, आणि त्याला वाटलं सर दाखवायला आलेत.

सर म्हणाले, “याला वर कडी झाळून दे.”

पोतदार म्हणाला, सर, हा एकोणचाळीसचा आहे.

“मला माहीत आहे कुठला आहे तो,” सर म्हणाले. “साल झाकलं जाणार नाही असं बघ.”

पोतदार सांगतो, आयुष्यात इतका घाम हिऱ्याच्या कामालाही फुटला नव्हता. त्यानं ज्योत पेटवली तेव्हा सर उठून बाहेर गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. काम झाल्यावर आत आले, पैसे किती झाले विचारलं, रुपया रुमालात बांधला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी आणि पोतदार बाळकुमला गेलो. दारात मांडव, बायकांची गाणी, हळद वाटणं चाललेलं. आणि एका कोपऱ्यात पांढऱ्या शर्टात दातार सर, प्लास्टिकच्या खुर्चीवर, आमच्या आधीच येऊन बसलेले. पाटील समोर आल्यावर त्यांनी रुमाल त्याच्या हातात दिला. पाटलानं सोडून बघितला. आधी त्याला तो दक्षिणेकडचा खोटा रुपया वाटला असणार, कारण तो कसनुसं हसला. मग त्यानं कडी बघितली, साल बघितलं, आणि सरांकडे बघितलं. सर मांडवाचं कापड बघत होते. पैशांचं काही बोलणं झालं की नाही हे दोघांनीही आम्हाला कधी सांगितलं नाही.

म्हातारीला आतून आणलं. बारीकशी, कपाळावर मोठं कुंकू, अंगावर नऊवारी. पोतदारनं काळा दोरा कापला, रुपया मधोमध ओवला आणि माळ तिच्या हातात ठेवली. साल वाचायला शेजारच्या त्या शाळेतल्या बाई आलेल्याच होत्या. त्यांनी वाचलं. म्हातारीनं मान हलवली. मग ती एकेक रुपया बोटांनी चाचपत मधल्यापाशी आली आणि थांबली.

“ह्यो लय चकाकतंय,” म्हणाली. “बाकीचे सगले म्हातारे, ह्यो येकलाच पोर. पोरीचे गल्यान बरा नाय दिसाचा.”

असं म्हणून ती उठली, चुलीपाशी गेली, तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली, तिच्यावर तेलाचा थेंब सोडला, आणि तिथंच उकिडवी बसून तो रुपया अंगठ्यानं चोळायला लागली. दिल्लीहून विमा उतरवून आलेला. कुणाच्याही खिशात न गेलेला.

पोतदारनं माझा दंड धरला. पाटील पुढे धावला, “आये, थांब, थांब,” करत. सरांनी हात आडवा घालून त्याला थांबवलं. खुर्चीतून उठले, चुलीपाशी गेले, गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले आणि चष्म्यावरून नीट बघितलं.

“बाई,” म्हणाले, “मागच्या बाजूलाही लावा.”